येथे दुध भेटेल

बिबवेवाडीच्या उतारावर, रंगाच्या दुकानाला लागून,
इंगवल्यांच्या डेअरीवर निळ्या अक्षरांत पाटी होती :
येथे गाईचे ताजे दुध भेटेल.
एकतीस वर्षं मी प्रुफं तपासली आहेत.
डोळा गेला, खोड नाही गेली.
म्हटलं, भेटणार असेल तर जरा बरी साडी नेसून येते,
फक्त किती वाजता भेटेल तेवढं सांगा,
उगीच ताटकळायला नको.

इंगवले हसले नाहीत.
शेजारून थिनरचा बोळा मागून आणला, पुसलं,
‘मिळेल’ लिहिलं. जरा तिरकं.
मी म्हटलं, दू दीर्घ.
ते म्हणाले, काकू, दूध पातळ की घट्ट हे लोक विचारतात,
ऱ्हस्व की दीर्घ विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

अशी मी सगळ्यांनाच नडते.
‘माझी मदत करा’ म्हणणाऱ्या बँकेतल्या मुलीला,
‘परत रिटर्न रिकामं यावं लागतं’ म्हणून दीडपट मागणाऱ्या रिक्षावाल्याला,
आणि लिफ्टमधल्या सूचनेला, टाकी धुतल्या जाईल,
तिला तर पेन काढून, दोन मजल्यांमधल्या वेळात.
सून म्हणते, आई, अर्थ कळला ना तुम्हाला?
कळला गं.
खडा दाताखाली आला तरी भात पोटात जातोच.

मग एकदा गिरणीत मीच म्हणाले,
पीठ दळून ठेव रे, संध्याकाळी नेते.
समाधान, भुवयांपर्यंत पांढरा, म्हणाला,
पीठ कशाला दळू? गहू द्या की.
घरापर्यंत तोंडात बकाणा भरल्यासारखी गप्प आले.

मार्चअखेरीला इंगवले म्हणाले, दुकान वाढवतोय.
वा, म्हटलं, शेजारचा गाळा घेतलात?
त्यांनी नुसतं शटरकडे पाहिलं.
तेव्हा कळलं, उशिरा.
नारळ वाढवतो आपण, बांगडी वाढवतो,
फुटलं म्हणायला जीभ धजत नाही.
एकतीस वर्षांत या शब्दावर
मी एकदाही लाल खूण केली नव्हती.

शेवटच्या दिवशी त्यांनी मापाच्या वर अर्धा लिटर ओतलं,
पैसे घेतले नाहीत.
पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.
मुलाकडे चाललो चाकणला, म्हणाले,
तब्येत सांभाळा. मी भेटेल तुम्हाला कधीतरी.

भेटेन, इंगवले.
अगदी ओठावर आलं होतं.
मी भेटेन, तो भेटेल.
पाटीवरून मीच पुसायला लावलेलं क्रियापद
आत्ता कुठे आपल्या अर्थाला येऊन बसलं होतं,
तर पुरुष चुकला होता,
आणि ‘मी’ म्हणता म्हणता इंगवले
तिसराच कुणी झाले होते, दूर कुठे तरी राहणारा.

किटली या हातातून त्या हातात घेतली.
हो, म्हटलं, भेटेल.