शेकडा

एकतीस बसले, बावीस पास.
शेकडा सत्तर पॉइंट नऊ सात.
हेडसर म्हणाले, एकाहत्तरच लिहा की हो बाई,
कोण बघतंय पॉइंटकडं.
मी नऊ सात लिहिलं. गणिताची बाई आहे मी.

तक्ता कानडीतला, खानापूरच्या ऑफिसातून आलेला.
ओट्टु म्हणजे एकूण, हे एकोणीस वर्षांत
हाताला पाठ झालंय.
शेकडा मात्र तिकडंही शेकडाच,
आणि शून्य
दोन्ही लिप्यांत सारखंच गोल.

प्रवर्ग भरला. मुलं, मुली भरल्या.
मातृभाषेच्या रकान्याशी थांबले.
तहसीन सनदीची उर्दू.
बाळू येडगे म्हणाला होता, धनगरी;
तसा रकाना नाही, मराठीत धरला.
मल्लव्वा तळवार घरात कानडी बोलते
आणि येते आमच्याकडं,
कारण थोरल्या भावाची मराठी पुस्तकं
घरात आयती पडून आहेत.

शेवटचा रकाना: निकाल कमी का, एका ओळीत लिहा.

आवार एक, हायस्कुलं दोन.
मधल्या भिंतीत एकच नळ,
अर्धी तोटी त्यांच्या बाजूला, अर्धी आमच्या.
निकालाच्या दिवशी तिथं कुणी पाणी पीत नाही,
भिंतीवरून फक्त आकडे विचारतात.
शिवलीला अंगडी, पलीकडची गणिताची,
कळशी भरायचं निमित्त करून आली.
तुमचं किती?
तुम्ही आधी सांगा.
एकोणसत्तर.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
मग तिचा चेहरा बघून
बरं वाटलेलं लपवावं लागलं.

तिचे आठ, माझे नऊ.
पायरीवर बसून नावं वाचली,
एक तिनं, एक मी,
नापासांची हाजरी घेतल्यासारखी.
पाचव्या नावाला ती म्हणाली, हा कोंडवाळचा.
माझी तहसीनही कोंडवाळची.
सातवं, हुणशीवाडा. बाळू, त्याच्याही पुढं,
गवळ्यांच्या झापाजवळ उतरतो.
मी पेन काढलं.
सतरातले तेरा एकाच बसचे.
जंगलातून येणारी, साडेनऊची,
जी सव्वादहाच्या आत कधी आली नाही;
मुलींना तिकीट नाही,
पावसाळ्यात बसही नाही.
आणि पहिला तास दोन्हीकडं गणिताचा.
ताजं डोकं असतंय, म्हणून
मीच मागून घेतलेला.

उरले चार.
एकाला परीक्षेत टायफॉईड.
एक उद्यमबागेत, फाउंड्रीत, दिवाळीपासून.
एकीचं फेब्रुवारीत लग्न झालं. वय विचारू नका,
आम्हीही विचारलं नाही.
आणि चौथा, खरं सांगायचं तर,
अभ्यासच करत नव्हता. तोही असतो.

एका ओळीत मी लिहिलं: बस.
पलीकडं शिवलीलानं तिच्या लिपीत लिहिलं: बस्.

आठ दिवसांनी दोन्ही तक्ते परत.
लाल शाईत शेरा:
कारण शैक्षणिक असावे.

मी लिहिलं, मूलभूत संकल्पनांचा अभाव.
तिनं काय लिहिलं, तिनं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

जूनमध्ये वेळापत्रक लावताना
गणित तिसऱ्या तासाला ढकललं.
भूगोलाचे कदम सर अजून रागात आहेत.
पहिल्याला चित्रकला, दोन्हीकडं.

आता दहाला प्रार्थना होते,
वर्गात खडूचे डोंगर, दोन डोंगरांमधून रस्ता,
सगळी पोरं तेच काढतात, सांगूनही.
मी खिडकीशी उभी राहते.
भिंतीपलीकडच्या खिडकीत शिवलीलाही.
वळणावर धूळ दिसली
की आधी जिला दिसेल तिनं
हात वर करायचा, एवढंच ठरलंय.

दहा वाजून अठरा.
अजून हात खालीच आहेत.