नागमोडी

गोळी लिहून द्या, एवढंच म्हणायला आले होते.
नारायण पेठेतला दवाखाना, अरुंद जिना,
खालच्या झेरॉक्स मशिनचा हिरवट उजेड
भिंतीवरून सरकतो, परत येतो.
गाडी नो पार्किंगमध्ये. दहा मिनिटांचं तर काम.

हुपरीकर डॉक्टरबाई पेनाचं टोपणच काढत नाहीत.
आधी दंडाला पट्टा. फुस्स फुस्स फुगतो
आणि माझीच नाडी मला कोपरात ऐकू येते.
एकशे अठरा, शहात्तर. ठीक.
वय? चौतीस.
सिगारेट?

मी दाराकडे बघते. सासूबाई धायरीला आहेत,
तरी मान वळतेच.
कधीतरी. ऑफिसच्या मागे, चहाबरोबर.
कधीतरी म्हणजे?
तीन. रोज.
पस्तिशी फार लांब नाही, म्हणतात, आणि लिहितात.
रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पाळी चुकली आहे का, बाळ अंगावर पितं का,
क्षयाची औषधं, फिटची औषधं,
कावीळ, छातीत गाठ –
नाही. नाही. पालक कालचा आहे का विचारल्यावर
मंडईतली बाई हलवते तशी मान मी हलवत राहते.

घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी?
नाही,
म्हणून मोकळी झाले, आणि जिभेवर आली
भोरची शकूमावशी.
बाळंत होऊन बारा दिवस, एक पाय खांबासारखा.
मीठमोहऱ्या उतरवल्या, गरम तेल चोळलं.
पंधराव्या दिवशी बसल्या जागी दम लागला.
बाहेरचं होतं, म्हणाले सगळे.
मी तिला पाहिलेलं नाही.
पेटीत तळाला तिची एक जांभळी साडी,
आई दर उन्हाळ्यात उन्हं दाखवते, नेसत नाही.

पेन थांबलं.
डोकं दुखतं?
कुणाचं नाही दुखत, मी हसले.
दुखायच्या आधी काही दिसतं?

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
दिसतं. डाव्या कोपऱ्यात आधी एक ठिणगी,
मग नागमोडी रेघ, फ्रॉकला लावायची लेस असते ना, तशी,
पण जिवंत, थरथरणारी.
लक्ष्मी रोडवर एकदा 'साड्या'मधला 'सा' गेला,
'ड्या' तेवढा उरला. वीस मिनिटं.
मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसतं.

मग ही नाही, त्या म्हणाल्या.
पाकीट उलटं करून बारीक अक्षरांवर नख टेकवलं.
हिच्यातलं एक संप्रेरक रक्त गोठवतं,
मेंदूची वाट त्याला सापडू शकते.
दुसऱ्या गोळ्या आहेत, तांबी आहे, घाई नको.
आधी आईला विचारून या.

खाली आले तर गाडी उचलून नेलेली.
झेरॉक्सवाला म्हणाला, आत्ताच, ताई, हाक मारली होती.
मी तिथेच, रिकाम्या जागेत उभी राहून फोन लावला.
आई, शकूमावशीचा कुठला पाय गं?

पलीकडे कुकरची शिट्टी. मग दुसरी.
तुला काय करायचंय आता, म्हणाली.
मग गॅस बंद केल्याचा आवाज.
डावा, म्हणाली.
आणि खुर्ची ओढली.