सतरा नंबर

दुर्गा लिमलेटच्या पुडीत एक पैलवान निघायचा,
काडेपेटीएवढा, चार रंगांत,
पाठीवर गाव, वजन आणि हातखंडा डाव.
भावाकडे तेवीस झाले होते. सतरा नंबर कुणालाच निघत नव्हता.
मला गोळी मिळायची.
पोरीला काय करायचेत पैलवान, आई म्हणायची,
आणि गोळी गोड होतीच, खोटं कशाला बोलू.

आता त्या छापील कार्डांना लोक हजार-हजार देतात.
देऊ देत.
मी दिवसभर झेरॉक्स काढते, सातबारा, दाखले, रेशनकार्डं,
मला छापलेल्याचं काही वाटत नाही.
मी शोधते मगदूम पेंटरांची मूळ चित्रं,
ज्यांवरून ब्लॉक झाले ती.
वीतभर पुठ्ठा, पोस्टर कलर,
कडेनं पेन्सिलची रेघ : इथवर कापणे.
रेघेबाहेरचं सगळं माझं.
ब्रश पुसल्याचे फराटे, चहाच्या बशीचा गोल,
'कान अजून मोडका पाहिजे',
'लंगोट लाल नको, मालक म्हणतात'.

पहिलं मिळालं मिरजेत, सतारीच्या दुकानात,
वाळत घातलेल्या भोपळ्याखाली टेकू म्हणून.
भोपळा कलंडला, दुकानदार ओरडला,
मी बेडगच्या नरसूला पदराखाली घेतलं
आणि मग शंभराची नोट काढली.
दुसऱ्याच्या पाठीवर खडूनं लिहिलेलं, आज वांगं नाही.
ती खानावळही आता नाही.
पाच एकदम दिली हरभट रोडच्या रद्दीवाल्यानं, किलोवर.
सावळजचा धोंडी पुरातून आलाय,
छातीपर्यंत विरघळलेला, वर कोरडा ठणठणीत,
पाण्यात उभा राहून
कुणाची तरी होडी बघत असल्यासारखा.

अकरा झाली तेव्हा शटर ओढून
काचेवर ओळीनं मांडली.
आणि हसूच आलं.
नरसू, धोंडी, बिळूरचा शिवलिंग,
मुंडकी वेगळी, अंग एकच.
तोच डाव्या खांद्यावरचा घट्टा,
तीच वाकडी करंगळी उजव्या पायाची.
नऊ नंबर उलटा केला. बारीक अक्षर :
'अंग : मौला नदाफ, हळदीचा हमाल.
बसल्याचे दोन रुपये, दूध अर्धा शेर.'

खणभागात नातू भेटला, टेम्पो धूत होता.
आजोबा? कुस्ती? छे ओ,
मातीत कधी उतरले नाहीत,
पेठेत पोती उचलायचे. पोतं पाठीवर येतं ना,
तेव्हा श्वास आत धरावा लागतो, असा,
म्हणून त्यानं धरून दाखवला,
हातात पाण्याचा पाइप, पाणी गटारीला चाललेलं,
आणि मी अकरा वेळा पाहिलेली छाती
त्याच्या बनियनखाली उभी राहिली.

मग पत्र्याच्या ट्रंकेतून त्यानं एक आणलं,
जुन्या लुंगीत गुंडाळलेलं.
सतरा नंबर.
ह्या अंगावर ह्याच अंगाचं डोकं.
गाल बसलेले, कानाच्या पाळीत हळद,
नजर समोर नाही, दाराकडे,
दूध आलं का बघणारी.
गाव सांगली. वजन कोरं. डाव कोरा.
आणि आडवी लाल शाई मालकांची :
हा कोण? चालणार नाही.

किती घेणार, मी विचारलं.
पाच म्हटलं, दहा म्हटलं,
आवाज माझा मलाच बाजारातला वाटला.
तो पुठ्ठा पुन्हा लुंगीत घालत होता,
घडी मोडू न देता.
चहा घ्या, म्हणाला.

चहा झाल्यावर म्हणाला, तुमचं दुकान झेरॉक्सचं ना?
एक काढून घ्या पाहिजे तर.
स्वतः घेऊन आला टेम्पोतून,
मशीनचं झाकण लावताना म्हणाला, हळू.

अकरा अस्सल माझ्या कपाटात आहेत, कापराच्या वड्या घालून.
भिंतीवर आहे तो काळा-पांढरा, एक रुपयावाला,
हळद त्यात राखाडी आलीय.
गिऱ्हाईक विचारतं, वडील का?
मी सुट्टे मोजते.

भावाचा पुण्याहून फोन येतो दर रविवारी.
त्याला अजून सांगितलेलं नाही.