चार बोटं ढील

मी खाली, गाडीच्या पोटाशी, चटईवर.
हेमलता वर, ड्रायव्हरच्या जागेवर,
जिला गाडी चालवता येत नाही
आणि शिकायचीही नाही.
"हलवू?"
हलव.
वरचं चाक चार बोटं फिरतं
आणि खालच्या चाकाला पत्ताच नसतो.

ऑस्टिन, एकोणीसशे एक्कावन्न.
रास्ता पेठेतल्या डॉक्टर पळनिटकरांची.
आमच्या सहकारनगरात ती टेम्पोला दोर बांधून आली
तेव्हा मागच्या सीटवर कुत्रीनं पिल्लं घातलेली,
ती आधी उतरवली.

एकेका सांध्यावर बोट ठेवतो,
नाडी बघावी तसं.
डावीकडे. टाय-रॉडचा गोळा कुरकुरतो.
उजवीकडे. किंगपिन डुलते, सूतभर तरी.
आता थांब.
ती थांबत नाही, तिला वर मजा येतेय,
तोंडानं हॉर्न वाजवतेय.

चौतीस वर्षं पिंपरीला इन्स्पेक्शनमध्ये होतो मी.
केसाच्या फरकानं माल परत पाठवायचो.
लग्नाची बोलावणी कमीच यायची.

स्टेरिंग बॉक्स उघडला
तर आत ग्रीस कसलं, काळा हलवा.
रॉकेलनं धुतला,
मग हेमलताच्या जुन्या टूथब्रशनं
(तो जुना नव्हता, हे रात्री कळलं).
मळसूत्र उजळलं:
दोन्ही टोकांना कोरं करकरीत,
सहाणेचे ओरखडेसुद्धा शाबूत,
आणि मधोमध, पेरभर जागेत,
खड्डा.

गाडी नाकासमोर जाते
तेव्हा खुंटी तिथे बसते.
रास्ता पेठ ते ससून, ससून ते रास्ता पेठ,
डॉक्टरही नाकासमोर चालणारे.
मी ते मळसूत्र मांडीवर घेऊन बसलो.
चहावर साय आली.

मधली ढील काढायला स्क्रू आवळावा
तर चाक टोकाला जाऊन अडतं.
जे झिजलं नाही
ते सरकूनही घेत नाही.

नाना पेठेत दस्तगीर खरादी,
त्याचा लेथ माझ्याहून वयानं मोठा,
दुकान एवढं की लांब शाफ्ट लावला
तर बोळातून जाणाऱ्यांनी वळसा घालायचा.
"नवीन मिळणार नाही, साहेब.
मिळालंच तर तुमची पेन्शन जाईल."
त्यानं खड्ड्यात भरण घातलं,
पंधरा दिवस घासलं,
मधे एकदा आजारी पडला, एकदा खोटं बोलला.
खुंटी मात्र फेकली नाही.
दाबून काढली, पाव फेरा फिरवली, परत बसवली.
"एकाच गालानं मार खाल्लाय हिनं," म्हणाला,
"बाकीचे गाल बघा."

किंगपिनचे बुश गनमेटलचे.
मी म्हटलं, ढील शून्य पाहिजे.
त्यानं रीमर थांबवला,
माझ्या खिशातल्या मायक्रोमीटरकडे बघितलं.
"ग्रीसच्या श्वासापुरती ठेवतो.
नाहीतर वळलेलं चाक
आपणहून घरी येत नाही."
मी मोजलं.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा
आकडा कुठेच लिहिला नाही.

रविवार. तीच चटई.
तीच हेमलता, नव्या टूथब्रशचा राग गिळून.
माझं बोट ड्रॅग-लिंकच्या सांध्यावर.
मला सवय त्या फटीची:
तिच्या विचारण्यात आणि लोखंडाच्या हलण्यात
चार बोटं वेळ असायचा,
हात काढायला, नाक खाजवायला,
अजून काही सांगायला.

"हल—"

एवढ्यात खालचं चाक वळलंही होतं
आणि बोट मधे.

मी ओरडलो.
खिडकीतून डोकं बाहेर काढून ती म्हणाली,
"लागलं?"
बोट तोंडात, जिभेवर ग्रीस,
मी म्हणालो,
लागलं.