डावा कोपरा

सुपडू सोनवण्याच्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत,
म्हणून जन्मल्या दिवशी त्याला सुपात घालून
उकिरड्यापर्यंत नेला आणि परत आणला.
तो सांगायचा, भो, मनी पयली बदली तीच.

नंतर अमळनेरला सूतगिरणीकडून,
पाचोऱ्याच्या एका मंडळाकडून,
शहाद्याला पाहुणा खेळाडू, जेवून-खाऊन दीडशे रुपये सामना,
सेंधव्याला कुणीतरी जिनिंगवाला,
सहा महिने वीज मंडळ, तेही रोजंदारीवर,
मग पुन्हा शहादा. तोवर तिथला संघ मोडलेला.
जर्सीवर कायम आधीच्या माणसाचं नाव,
उसवलेलं,
पण सुईची भोकं वाचता यायची.

मी त्याच्या शेजारी एकच हंगाम खेळलो, धरणगावला.
साखळीत माझा डावा हात त्याच्या उजव्या हातात.
त्याची करंगळी मिटत नसे,
ती माझ्या मनगटावर वेगळीच टोचत राही,
चार महिने.
तोंड दखू नको, तो म्हणायचा, पाय दख.
चढाईवाला हसायचा, मांडी थोपटायचा, आमच्या आयांचा उद्धार करायचा,
सुपडू खाली बघत उभा,
जमिनीवर पडलेलं नाणं शोधत असल्यासारखा.
मग एकदम घोटा.
आणि धुळीतून आम्ही सगळे त्या एका घोट्यावर.

पेपरात नाव चढाईवाल्यांचं यायचं.
सुपडू असायचा
'इतरांनी मोलाची साथ दिली' यातल्या इतरांत.
तीन वेळा मात्र उत्कृष्ट पकड. बक्षीस स्टीलचा डबा.
कोकिळावहिनींकडे तिन्ही आहेत,
एकात कळण्याचं पीठ, एकात उडदाची डाळ,
तिसऱ्याचं झाकण सापडत नाही.

चढाईला तो आयुष्यात एकदाच गेलेला मी पाहिला.
पारोळ्याला, रात्री, एका बाजूचे दिवे गेलेले.
आम्ही सहाही जण बाहेर बसलेलो,
आत एकटा तो, आणि पाळी आमची.
कबड्डी कबड्डी इतक्या मोठ्यानं म्हणत निघाला
की लोक हसायला लागले,
शाळेत पाढे म्हणतात तसा, शब्द शब्द तोडून.
निदानरेषेपलीकडे पाऊल टाकलं
आणि थांबला.
समोर सात जण. चौदा पाय.
तो त्यांच्याकडे बघत राहिला,
कोण आधी हलतो ते,
जणू तेच त्याच्या घरात शिरलेत.
तेही थांबले. असा पाहुणा त्यांनी पाहिला नव्हता.
मग दम संपत आला तेव्हा तो मागे आला,
कुणाला न शिवता, कुणी न शिवता.
पुढच्या चढाईत लोण चढला.
परतताना टेम्पोत तो एवढंच बोलला,
तथं लई मोकळं लागस, भो.

गुडघा गेला बत्तिसाव्या वर्षी.
कुठे गेला, कुणाकडून खेळताना, यावर
दोन मंडळांचं अजून एकमत नाही,
कारण औषधाचं बिल कुणीच दिलं नाही.

परवा चोपड्याला बस चुकली.
स्थानकासमोर चपलांच्या दुकानात शिरलो,
बुटक्या स्टुलावर एक जाडसर माणूस
मान खाली घालून खोकी लावत होता.
नऊ नंबर, मी म्हणालो.
त्यानं वर पाहिलंच नाही. पाहिलं असतं तरी
माझे केस गेलेत, दात बदललेत.
जुनी चप्पल काढली, पाय हातात घेतला,
आणि हात घोट्यावर आला तेव्हा थांबला.

तुना डावा आजून मझार पडस.

मी पाय ओढला. सवय.
त्यानं सोडला नाही.
करंगळी तशीच बाहेर, टोचणारी.
बाहेर यावलच्या गाडीची घोषणा झाली, गाडी आली, गेली असावी.

मग म्हणाला, नऊ संपना.
आठ घे. ताणाई जास.