बावीसवाला

मुनीरनं लॅपटॉपची पाठ उघडली
आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही.
पंख्याच्या पात्यांवर साय धरली होती
सात वर्षांच्या तूझची,
मुतलाच्या रस्त्यावरून माझ्याच शर्टातून आलेली;
वर वासुदेवनच्या उदबत्तीची राख,
आणि एक पांढरा केस.
तो कुणाचा, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

"चाचा, बावीस दिनारात
रॅम घालतो, नवी डिस्क, पंखा, पेस्ट.
दोन वर्षं काढेल. कदाचित.
नाहीतर हा बघा"
म्हणत काचेआडच्या सडपातळ काळ्याकडे बोट.
तीनशे पन्नास.

तीनशे पन्नास म्हणजे
मंडणगडच्या घराची मागची भिंत, गिलाव्यासकट.

दिवसा मी टँकर चालवतो.
गोडं पाणी, शुवैखहून जहराला,
थंडीत त्याच्याही पुढे, वाळवंटातल्या तंबूंना.
रात्री भांडी घासून झाली
की पलंगावर उशी, उशीवर ताट पालथं,
ताटावर हा (मांडीवर घेतला तर भाजतो)
आणि ट्रक चालवतो.
हो, ट्रकच.
खोलीतले हसतात,
स्टिअरिंगनं पोट नाही का रे भरलं तुझं?

पण तो रस्ता वेगळा आहे.
दोन्ही बाजूंना सुरूसारखी, पण सुरू नसलेली झाडं.
मागून कुणी हॉर्न मारत नाही.
टायर फुटला तर पगारातून कापत नाहीत.
आणि एका घाटात बर्फ पडतो.

तिथंच हा अडतो.
बर्फ सलग पडत नाही,
थोडा पडतो, थांबतो, आठवल्यासारखा पुन्हा पडतो.
खरा बर्फ मी मासळीच्या पेटीतला सोडून
कधी पाहिला नाही,
त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं
तो असाच पडत असेल.

घेतला होता अदनानसाठी.
त्यानं उचलून पाहिला, म्हणाला,
"अब्बा, हा लॅपटॉप आहे की पाटा?"
आणि माझ्याच बॅगेतून परत आला.
तरी फोनवरून त्यानंच शिकवलं मला
कुठल्या बटणानं ब्रेक, कुठल्यानं मागे.
बावीस वर्षं लायसन असलेल्या बापाला
रिव्हर्स शिकवताना
काय खूश होता तेव्हा!

खेळातल्या माझ्या कंपनीचं नाव अदनान रोडलाइन्स.
तिथं एक ड्रायव्हर ठेवलाय पगारी,
त्याचंही नाव अदनान.
तो माल वेळेवर पोचवतो.
पुण्यातला दोन दिवसांनी एक अंगठा पाठवतो.
काल मात्र त्यानं लांब लिहिलं,
त्याच्यावर खर्च नको, अब्बा, बोर्डच जुना आहे,
घ्यायचाच तर नवा घ्या.
आणि खाली,
किंवा राहू दे, आता येणारच आहात ना?

ते 'येणारच' मी तीनदा वाचलं.
इकाम्याची मुदत डिसेंबरपर्यंत आहे.
कंपनी अजून हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

"नव्यात सगळं येतं, चाचा," मुनीर म्हणाला,
"ट्रक, गॅरेज, झालेले किलोमीटर.
फक्त हा आवाज येणार नाही."
हसला. मीही हसलो.
म्हटलं, आजची रात्र राहू दे तुझ्याकडे.

रात्री दिवा मालवला.
एसीचं पाणी डब्यात टपकतंय
हे मला या खोलीत पहिल्यांदाच ऐकू आलं.
वासुदेवननं कूस बदलली, परत बदलली.
पाच वर्षं शिव्या घातल्यात त्यानं या पंख्याला,
उशी फेकून मारलीय एकदा.
बऱ्याच वेळानं अंधारातून, त्याच्या मोडक्या हिंदीत,
"आज गाडी नहीं निकाला?"

सकाळी टँकर भरत असताना मुनीरला फोन लावला.
बावीसवालाच कर म्हटलं,
वीसमध्ये बसव.
पंखा जुनाच राहू दे,
नुसता पुसून.