मिंडाबाईची पाटी

लुझविमिंडा.
एवढं लांब नाव मी कधी रंगवलं नव्हतं.
खडेबाजारच्या बोळात सहा फुटी कापड ताणलेलं
आणि झ ला जागा पुरेना.
बाई शेजारी स्टुलावर, शेंगा सोलत.
म्हणाली, तीन बेटं आहेत त्यात, बापानं एकत्र शिवलेली,
एकही कापू नकोस.
थोडं इंग्रजीत म्हणाली, थोडं हातांनी.
मॅनेजरनं कापलीच.
पोस्टरवर उरलं ते मिंडाबाई.

सर्कशीच्या बँडबरोबर आली होती, सिंगापूर, कलकत्ता करत.
सर्कस निपाणीत बुडाली.
तंबू वखारवाल्यानं घेतला, तंबाखूवर झाकायला.
हत्ती कुठं गेला कुणास ठाऊक.
कर्णेवाला गोव्याला गेला.
हिचं तिकीट कुणी काढलं नाही.

मग आमची कंपनी.
गोकाकच्या जत्रेत कन्नड, खानापुरात मराठी,
नागकन्या, जादूगारीण, साहेबाची मड्डम.
दोन्ही भाषा ती आपल्या लिपीत उतरवून घ्यायची,
विंगेतून मी आठवण द्यायचो.
‘प्राणनाथ’ मधला ण तिला कधी सापडला नाही
आणि शिट्टी नेमकी तिथंच पडायची.

बासष्टच्या थंडीत तिला चिनी हेर केली.
मी चिनी नाही, ती म्हणाली.
मॅनेजर म्हणाला, “डोळे हायत की.”
बैलहोंगलला तिसऱ्या अंकात पिटातून नारळ आला.
कपाळाला चार टाके.
दुसऱ्या रात्री टाक्यांवर पावडर थापून
ती पुन्हा हेर. हाऊसफुल्ल.
त्या महिन्यात पोलीस दोनदा कागद बघून गेले.

शनिवारी मात्र कॅम्पातल्या क्लबात
ती तिचं गायची.
मी मागच्या दाराशी, खानसाम्याच्या ओळखीनं,
कांदे चिरल्याचं सोंग करत.
एक ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची.
तिसरीला काहीतरी मोडायचं.
शब्द कळत नव्हते; कुणाची तरी गाडी गेलेली असावी.

इराप्पा हडपद, आमचा पेटीवाला, एकदा आला ऐकायला.
येताना गप्प.
किल्ल्याच्या खंदकापाशी सायकलवरून उतरला, म्हणाला,
“कोमल गंधार नव्हं, शुद्धबी नव्हं.
दोनीच्या मधी हुबी ऱ्हाती बाई.
माझ्या पेटीत तितं नुसतं लाकूड हाय.”

कंपनी मोडली. क्लबात टेपरेकॉर्डर आला.
तिनं कॅम्पात एका खोलीत गाण्याचा वर्ग काढला,
पाटी माझी.
तीन लिप्या, पुरं नाव, तिन्ही बेटं तीनदा.
झ ला या वेळी आधी जागा मापली.
कोपऱ्यात, माझ्या हौसेनं, एक होडी,
दोन्ही अंगांना बांबू बांधलेली, तिनं सांगितली तशी.

मग ते दिवस आले.
एका रात्री एकांनी येऊन वरच्या ओळीला डांबर फासलं.
चार दिवसांनी दुसऱ्यांनी मधल्या.
तिसरी ओळ कुणी बुजवली कळलं नाही,
उरलेल्या डांबराची सोय असेल.
मी रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन पोचलो.
“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आमच्यासारखंच,
“होडी दिसतीया नव्हं?”
रिक्षावाले तिथं सोडू लागले, होडीवाल्या बाईकडं म्हणून.

पाटी आता माझ्याकडं, दुकानात भिंतीला उलटी.
परवा इराप्पाचा नातू आला, नवा कीबोर्ड दाखवायला.
पट्ट्यांच्या डाव्या अंगाला त्याला एक चाक आहे,
बोटानं सारलं की स्वर वाकतो.
म्हटलं, कोमल गंधार दाब. आता सार.
अजून जरा. तिथं. तिथंच धर.

त्यानं धरला.
किती वेळ धरू, म्हणाला.
हात सोडला की चाक
आपोआप जागेवर येतं.